चुन्याच्या निवळीत फुंकर

१३ जानेवारी २०२५, सोमवार

ही वही मॅडमनी दिली. सुचेल ते लिहीत जा, नाहीतर विसराल, म्हणाल्या. किराण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा सुरुवात कशी करतात ते माहीत नाही. घडलं तसं लिहितो.

सकाळी अकराला सत्यशीला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्या मेडिकल कॉलेजातल्या शरीरक्रियाशास्त्राच्या विभागप्रमुख. मी त्याच विभागात चोवीस वर्षं प्रयोगशाळा परिचर आहे. नळ्या धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, वर्गात पडदा लावणं, ही माझी कामं. मुलं मामा म्हणतात, मॅडमही मामाच म्हणतात. मला वाटलं, स्टोअरात पुन्हा उंदीर झाले असतील.

उंदीर नव्हते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. त्या दिवशी कॉलेज शाळकरी मुलांसाठी उघडं असतं आणि प्रत्येक विभाग एक टेबल मांडतो. आमचा यंदाचा विषय रक्तातल्या आम्ल-आम्लारीचा तोल. ते टेबल मी सांभाळायचं, मुलांना मराठीत मीच समजावून सांगायचं, असं मॅडमच्या मनात आहे. गेल्या वर्षी इंग्रजी तक्ते होते. जिल्हा परिषदेची मुलं त्यांच्यासमोरून रांगेत निघून गेली आणि माझ्या बेसिनपाशी येऊन थांबली. मी नळ्या धुता धुता त्यांना काहीबाही सांगत होतो. ते मॅडमनी म्हणे पाहिलं होतं.

उपअधिष्ठातांना हे पसंत नाही. शिपाई शिकवणार का, असं त्यांनी विचारलं. शेवटी असं ठरलं की ७ फेब्रुवारीला तिघांसमोर मी करून दाखवायचं. जमलं तर टेबल माझं, नाही जमलं तर पुन्हा इंग्रजी तक्ते.

मी नाही म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "चोवीस वर्षं तुम्ही वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकताय. दार लावायचं असतं तर मी केव्हाच लावलं असतं."

याचा अर्थ मला नीटसा लागला नाही. त्या दाराची कडी खराब आहे, हे मी तीनदा लिहून दिलेलं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

राधेला सांगितलं. ती तिळाच्या वड्या थापत होती. थापता थापता म्हणाली, "मग हो म्हणा. घरात तर रोज सांगता, मी ऐकतेच आहे की."

मी एवढा बोलतो हे मला माहीत नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी विचारलं की मराठी शाळा कुठली बोलवायची. माझ्या तोंडून आमच्या गावची, बोरखेडीची शाळा निघून गेली. तिथे आता आनंद सर म्हणून तरुण शिक्षक आहेत. त्यांना फोन केला तर ते इतके हरखले की मागे घेण्याची सोयच उरली नाही. सातवी-आठवीची बावीस मुलं आणतो म्हणाले. त्यातल्या वीस जणांनी पुणं पाहिलेलं नाही.

फोन ठेवल्यावर सगळं आठवलं. त्याच शाळेच्या मैदानात आठवीत असताना मी २६ जानेवारीचं भाषण करायला उभा राहिलो होतो. "अध्यक्ष महाशय" म्हणालो आणि त्यापुढचं सगळं पुसून गेलं. झेंड्याकडे पाहत उभाच राहिलो. गुरुजींनी दंडाला धरून खाली बसवलं. त्यानंतर आजतागायत मी चार माणसांपुढे उभा राहून बोललेलो नाही. लग्नात नावसुद्धा राधेनं दोनदा घेतलं, मी एकदाही नाही.

आता त्याच शाळेची मुलं येणार. त्यांच्यापुढे पुन्हा तसंच झालं तर ती गावी जाऊन काय सांगतील, एवढंच मनात येतं.

२० जानेवारी, सोमवार

विभागातले चेतन सर तरुण आहेत, हुशार आहेत, पण जीभ कडू. आज मी तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा कॅन घेऊन चढलो तर जिन्याच्या तोंडाशीच उभे. विचारतात, "मामा, धापा का टाकताय?"

मी म्हणालो, वय झालं.

"चूक," म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी पुन्हा गाठलं. वयाचं सोडा, रक्तात काय वाढलं ते सांगा, म्हणाले. मी सांगितलं, की स्नायूंनी काम केलं, कर्बवायू जास्त तयार झाला, तो रक्तातल्या पाण्यात मिसळला की आम्ल होतं. रक्त आंबटाकडे झुकू लागलं की मेंदूला कळतं आणि तो श्वास वाढवतो, वायू बाहेर टाकतो. "बरं," म्हणाले. शाबासकी नाही, काही नाही. परिचराची परीक्षा घेण्यात यांना काय आनंद मिळतो देव जाणे.

२२ जानेवारी, बुधवार

चेतन सर माझ्या टेबलावर दोन कागद विसरून गेले. मूत्रपिंड आम्ल कसं बाहेर टाकतं, ते मराठीत, मोठ्या अक्षरांत टाइप केलेलं. मी लगेच धावत नेऊन दिले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, कचऱ्यात टाका.

इतकं चांगलं लिहिलेलं कचऱ्यात टाकवेना. घरी आणून दोनदा वाचलं. त्यांना कळू देणार नाही.

२७ जानेवारी, सोमवार

काय सांगायचं ते आता डोक्यात बसलं आहे. आंबटपणा मोजायच्या पट्टीवर, म्हणजे पीएचवर, रक्ताचा तोल सात पूर्णांक चारला असतो. जरा खाली किंवा जरा वर गेला की माणूस आजारी पडतो, फार गेला तर दगावतो. आणि आपण तर दिवसभर आम्ल तयार करतच असतो. चाललो, जेवलो, झोपलो तरी करतो. तरी तोल ढळत नाही, कारण तीन राखणदार आहेत. पहिला रक्तातच असतो, विरघळलेल्या सोड्यासारखा, आम्ल आलं की त्याच क्षणी त्याला पोटात घेतो. दुसरा श्वास, तो काही मिनिटांत वायू बाहेर टाकतो. तिसरं मूत्रपिंड. त्याला तास लागतात, दिवस लागतात, पण जे श्वासानं जात नाही ते तेच काढतं, आणि पहिल्याचा खर्ची पडलेला सोडाही तेच भरून देतं.

हे राधेपुढे म्हणून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे घरातल्या भांडणासारखंच की."

कसं, म्हणालो.

"कुणी वाकडं बोललं की आधी एक जण तो शब्द गिळतो. ते पहिलं. दुसरा चप्पल घालून बाहेर चक्कर मारून येतो, डोकं गार करून. ते दुसरं. पण भांडण तेवढ्यानं संपतं होय? कुणीतरी असतंच घरात, चार दिवस गप्प राहून, एकेकाच्या आवडीचं करून घालून, हळूहळू सगळं बाहेर काढणारं. म्हणून घर टिकतं."

मला हे फार आवडलं. आमच्या घरी भांडणं होतच नाहीत, तरी तिला एवढं कसं माहीत, याचं नवल वाटलं. कधी काही झालं तर मी कसबा गणपतीपर्यंत चक्कर मारून येतो. परत येईतो शांत असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार. गणेश जयंती

पहाटेच दर्शन घेतलं. गर्दी होती, पण आज ती बरी वाटली.

येताना जास्वंदीची फुलं जास्त घेतली. देवाला वाहून उरलेली गरम पाण्यात घातली. जांभळं पाणी निघालं. लिंबाचा थेंब टाकला की लाल होतं, सोडा टाकला की हिरवट. दोन पेल्यांत करून पाहिलं. एकात साधं पाणी, एकात खायच्या सोड्याचं. साध्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब पडताच रंग फिरला. सोड्याच्या पाण्यानं कितीतरी थेंब पचवले, नुसते बुडबुडे येत राहिले. तेच बुडबुडे म्हणजे कर्बवायू. शरीरात तो फुप्फुसाकडे जातो आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतो.

दुसरा प्रयोग हळदीचा. चुन्याची निवळी, म्हणजे चुना कालवून वर राहतं ते नितळ पाणी, त्यात चिमूटभर हळद टाकली की कुंकवासारखं लाल होतं. मग कागदी नळीनं त्यात फुंकत राहायचं. उच्छ्वासातल्या आंबटपणानं लाल पाणी पुन्हा पिवळं होतं. आपल्या श्वासात आम्ल आहे, हे याहून सोपं कसं दाखवणार?

मी फुंकत होतो आणि राधा पदराला हात पुसत उभी होती. रंग फिरला तशी ती हसली. मीही हसलो. पन्नाशीला आलेली दोन माणसं पेल्यात फुंकून हसतात, हे शेजारच्यांनी पाहिलं नाही ते बरं.

जपाला बसलो तेव्हाही तेच मनात होतं. तीस वर्षं श्वास मोजतो आहे. तो मी घेतो असं वाटत होतं. मी काहीच करत नाही आणि सगळं चाललेलं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चेतन सर पुन्हा जिन्यात. "एखाद्या कार्ट्यानं फुंकायच्या ऐवजी ओढलं तर? चुना पाजणार का त्यांना?"

दिवसभर घोर लागला. संध्याकाळी राधेनं नळी हातात घेतली, वरच्या टोकापासून दोन बोटं खाली सुईनं भोक पाडलं. आता ओढलं तर नुसती हवा येते, पाणी वर चढत नाही. फुंकलं तर बुडबुडे येतात. तिला म्हणालो, तू शिकायला हवं होतंस. ती म्हणाली, भाजी करपेल, सरका.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फजिती झाली. लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

आज करून दाखवायचं होतं. मॅडम, उपअधिष्ठाता आणि चेतन सर, असे तिघे बसले होते. जास्वंदीचा प्रयोग छान झाला. मग निवळीत हळद टाकली. पाणी पिवळंच. आणखी टाकली. आणखी पिवळं. लाल होईना, तर फुंकून पुन्हा पिवळं काय करणार? हातात चमचा घेऊन तसाच उभा, मैदानात होतो तसा. आमचे बाबुराव दारात उभे होते. तेही परिचर, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांनी डोळे मिटून घेतले.

उपअधिष्ठातांनी घड्याळ पाहिलं.

चेतन सर म्हणाले, "हळद अस्सल पुण्याची दिसते. कुणी काही घातलं तरी रंग बदलायचा नाही म्हणते."

मॅडम हसल्या. उपअधिष्ठाताही हसले, आणि त्या हसण्यात मॅडमनी सोमवारी पुन्हा बघू म्हणून बैठक उरकलीही. चेतन सरांनी माझी थट्टा केली नसती तर जास्त बरं वाटलं असतं.

कसबा गणपतीपाशी दोन फेऱ्या झाल्या, तरी घरी जावंसं वाटेना.

८ फेब्रुवारी, शनिवार

राधेनं हळदीची पुडी पाहिली, बोटावर घेतली, वास घेतला आणि विचारलं, "ही कुठली?"

खरं सांगितलं. घरी जमलं होतं ते तिच्या डब्यातल्या हळदीनं. पण शुभकामाला देवापुढची हळद असावी, म्हणून मी देवळाबाहेरून नवी पुडी घेतली, ती गुरुवारी रात्रभर देवासमोर ठेवली आणि तीच घेऊन गेलो.

"अहो, ती पूजेची. पिठात रंग कालवलेला असतो. हळदीला शिवतसुद्धा नाही ती."

मग पुडी नीट मिटून देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "देव चालवून घेतो. चुना कसा चालवून घेईल?"

मला राग यायला हवा होता, पण इतकं हलकं वाटलं की सगळ्या आळीला चहा पाजावा.

१० फेब्रुवारी, सोमवार

जमलं!

लाल झालं आणि फुंकल्यावर पिवळंही झालं. उपअधिष्ठातांनी स्वतः फुंकून पाहिलं. त्यांना सोळा फुंकरा लागल्या. नंतर प्रश्न झाले. देवाची कृपा अशी की सगळे प्रश्न चेतन सरांनीच विचारले आणि जिन्यात विचारलेले आणि त्या दोन कागदांतलेच नेमके आले. धाप का लागते, ओढलं तर काय, मूत्रपिंडाला वेळ का लागतो. मी घडाघडा सांगितलं. माणूस कडू खरा, पण नशिबानं त्याला दुसरं काही सुचलं नाही.

टेबल माझं.

बाबुराव म्हणाले, "आता चहा आम्ही आणायचा का, सर?" सर म्हणताना वाकले. मी म्हणालो, साखर कमी. त्यांनी खरंच आणला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कागदी नळ्या दोनशे. राधेनं सगळ्यांना भोकं पाडली. बोटाला चिंधी बांधून पोळ्या लाटते आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास. माझं नावच या देवाचं, म्हणून लहानपणापासून निर्जळी करत आलो. मॅडमना कळलं तेव्हा म्हणाल्या, तोल सांभाळायला मूत्रपिंडाला पाणी लागतं, मुलांना सांगणार काय तुम्ही? मग यंदा पाणी प्यालो. उपाशी पोटी शरीर चरबी जाळतं आणि त्यातूनही आम्ल निघतं, ते मी पाठ केलेलं आहे, आज अनुभवायला मिळालं. संध्याकाळी तोंडाला चव नव्हती, पण तोल जागच्या जागी. आत कुणीतरी न सांगता राबत होतं. देवळात हात जोडले ते कुणाला, हे आज मलाच नीट सांगता येणार नाही. दोघांना म्हणू.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. आनंद सरांचा फोन आला, मुलं आज रात्रीच्या एसटीनं निघतात. भाषण एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा मध्येच पुसून गेलं. राधा म्हणाली, "भाषण करूच नका. माझ्याशी बोलता तसं बोला." तिच्याशी बोलताना ती भाजी निवडत असते. समोरची मुलं काही निवडत नसतील तर मी बघू कुठे?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हात अजून चुन्यानं पांढरे आहेत. सगळं लिहितो.

सकाळी आठलाच बाबुराव येऊन बसले होते. इस्त्रीचा गणवेश, खिशाला पेन. साठ पेले धुऊन, पुसून, उपडे मांडून ठेवलेले. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, धुण्याची पावडर राहिली असती एखाद्याला म्हणून पुन्हा धुतले, तुझ्यासाठी नाही.

साडेदहाला बोरखेडीची मुलं आली. पहाटे स्वारगेटला उतरून, तिथेच तोंडं धुऊन, चालत आलेली. केसांना तेल, डोळ्यांत झोप. आनंद सरांनी वाकून नमस्कार केला, मला कसंतरीच झालं. बावीस जण टेबलाभोवती उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. उपअधिष्ठाता मागे हात बांधून उभे. पहिलं वाक्य आठवेना.

मी बाबुरावांना म्हणालो, ती मेथीची जुडी द्या. कसली मेथी, म्हणाले. मुलं हसली. मीही हसलो, आणि मग मेथीवाचूनच सुरू झालं. तुमच्या घरी भांडणं होतात का, असं विचारलं. बावीसच्या बावीस हात वर.

त्यानंतर मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. भांडणापासून रक्तापर्यंत आलो, एवढं खरं. एक मुलगा म्हणाला, आमच्यात गिळणारं कुणीच न्हाय, समदी चपलाच घालत्यात. आनंद सरांनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण मॅडम मोठ्यानं हसल्या.

मग फुंकण्याची पाळी. ज्याचं पाणी आधी पिवळं होईल तो जिंकला, असं मुलांनी आपापसांतच ठरवलं, मी नाही. आठवीतली उत्कर्षा, दोन वेण्यांची, बारीक, तिनं पहिला पेला सगळ्यांच्या आधी फिरवला. मग शेजारणीचा, मग तिसरा. मी दुसऱ्या टोकाला होतो. तिसऱ्या पेल्याला ती टेबल धरून खाली बसली. "सर, बोटांत मुंग्या आल्यात. गरगरतंय."

आनंद सरांचा चेहरा पांढरा पडला. कुणीतरी ओरडलं, चुना प्यायली. उपअधिष्ठाता पुढे धावले. सगळं संपलं, असं मला वाटलं. पण नळी पाहिली, भोक होतं. पेला पाहिला, निवळी तेवढीच होती. तिचे ओठ पाहिले, चुन्याचा डाग नव्हता. श्वास मात्र भराभर चालला होता. मग कळलं. तिनं इतकं फुंकलं होतं की नको तेवढं आम्ल बाहेर गेलं. तोल दुसऱ्या बाजूला झुकला होता.

मी जमिनीवरच तिच्यासमोर बसलो. घाबरू नकोस, म्हणालो, काही झालं नाही, तू फक्त फार जिंकलीस. श्वास हळू घे म्हटलं तर घाबरलेलं माणूस आणखीच जोरात घेतं, हे वर्गात ऐकलेलं होतं. म्हणून विचारलं, "एकोणीसचा पाढा येतो का गं? मोठ्यानं म्हण. घाई नाही."

तिनं सुरू केलं. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. मी सोबत म्हणू लागलो, मग तिचा वर्ग म्हणू लागला. पाढा म्हणताना माणसाला भसाभसा श्वास घेता येतच नाही. चेतन सर स्टेथोस्कोप घेऊन पळत आले तेव्हा आम्ही एकोणीस सक चौदोत्तरशेवर होतो आणि तिचे हात मोकळे झाले होते.

त्यांनी तपासलं आणि म्हणाले, उत्तम. एकोणीस साते किती ते मला येत नाही, तेव्हा तुमचं चालू द्या.

मी उठून मुलांना सांगितलं, की आता तुम्ही पाहिलंत ते आमच्या तक्त्यावर नव्हतं. आंबटपणा वाढला तर वाईट, आणि सगळा काढून टाकला तरी वाईट. घरातही सगळेच चप्पल घालून बाहेर पडले तर घर राहत नाही. उत्कर्षा खाली बसूनच म्हणाली, "मंग मला अजून एक पेला करू द्या. हळू करते." तिनं केला. हळूहळू. रंग फिरला तशा बाकीच्या एकवीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारपर्यंत आणखी सहा शाळा आल्या. उपअधिष्ठाता जाताना मॅडमना म्हणाले, पुढच्या वर्षी दोन टेबलं द्या यांना. मॅडमनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "मामा, दार उघडं ठेवायचं ना अजून?"

कडीचं पुन्हा लिहून देतो म्हणालो. त्या का हसल्या कळलं नाही, पण आज सगळेच हसत होते.

१ मार्च, शनिवार

सकाळी आनंद सरांचा फोन. मुलं सुखरूप पोचली. पण वाटेत काय झालं ते ऐका, म्हणाले.

परतीची एसटी साधीच होती, निम्मी मुलं, निम्मे प्रवासी. यवत सोडल्यावर मुलांनी श्वास रोखून धरायची शर्यत लावली. फुगलेले गाल आणि लाल चेहरे पाहून कंडक्टर घाबरला, मग चिडला. तेव्हा उत्कर्षानं उठून त्याला समजावलं. श्वास रोखला की जीव घाबरा होतो तो बाहेरच्या हवेसाठी कमी आणि आतला आंबटपणा चढतो म्हणून जास्त, असं सांगितलं. मेंदू म्हणतो सोड, म्हणून सोडावाच लागतो, कुणी कितीही हट्टी असो. कंडक्टर म्हणाला, असं कुठं असतंय. धरून बघा की, म्हणाली. कुणी शिकवलं तुला, असं त्यानं विचारलं. तर म्हणाली, "आमच्याच गावचे हायत. पुण्यात मोठ्या कालिजात शिकवतात."

आनंद सर म्हणाले, मी दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही.

मग कंडक्टरनं घड्याळ काढलं आणि श्वास धरला. त्याच्या शेजारच्या म्हातारबांनी धरला. मग एकेक करत सगळ्या गाडीनं. इतकी शांत एसटी मी जन्मात पाहिली नाही, सर सांगत होते. भिगवणच्या अलीकडे चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला आणि सगळी गाडी हसत सुटली. कंडक्टर हरला. म्हातारबा जिंकले, ते पूर्वी विहिरीत बुड्या मारायचे.

हे सगळं राधेला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "अहो, ड्रायव्हरनं नव्हता ना धरला?"

हे मला सुचलंच नव्हतं. लगेच आनंद सरांना परत फोन लावला.

नाही, म्हणाले. त्याला सगळ्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला, मी पंच.